वाघासमोर मोबाइल बंद, लग्नात स्टोरेज फुल: मग आता हँडीकॅम घ्यायचा का?

गेल्या आठवड्यात गावाकडून, म्हणजे मुकुटबनहून, चुलतभावाचा मेसेज आला. "दादा, ताडोबाची सफारी बुक केली. पण आत मोबाइल चालत नाही म्हणे. अन् मे महिन्यात ताईचं लग्न आहे. एक कॅमकॉर्डर घेऊनच टाकू का?"

माझं पहिलं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याचं असतं तेच होतं: "फोन आहे ना, कशाला पैसे घालवतो?" मागून मोठ्या बाबांचा आवाजही रेकॉर्ड झाला होता: "एवढा महागाचा फोन हातात असताना कॅमेरा काऊन पाहिजे बे तुले?"

पण मग मी शांतपणे विचार केला आणि माझं मत बदललं. पूर्ण नाही, अर्धं. "फोन सगळं करतो" हे वाक्य २०२६ मध्ये बहुतेक वेळा खरं आहे. जिथे ते खोटं ठरतं, त्या जागा मात्र नेमक्या आपल्या भागातल्या आहेत: जंगल सफारी, चार तासांचं लग्न, ४४ अंशांचा मे महिना आणि दुरून बघायची जत्रा. चला, एकेक करून बघू.

आधी बातमी: मोबाइल बंदी नेमकी काय आहे?

१७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातल्या बेकायदा बांधकामं आणि वृक्षतोडीच्या प्रकरणात निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) त्या खंडपीठात होते. प्रकरण उत्तराखंडचं असलं तरी निर्देश देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांसाठी आहेत. त्यातले दोन पर्यटकांच्या थेट कामाचे: रात्रीचं पर्यटन नको, आणि कोअर क्षेत्राच्या पर्यटन झोनमध्ये मोबाइलचा वापर नको.

विदर्भाला हे नवीन नाही. ताडोबात २०१८ च्या डिसेंबरपासूनच सफारीत मोबाइलला बंदी आहे. बंदी कशासाठी, याचं उत्तर ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात मिळालं. एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी जिप्सी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांची वाट अडली. व्हिडिओ व्हायरल झाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइड-पर्यटकांवर कारवाई झाली.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. फोनमुळे जंगलात दोन गोष्टी होतात. एक, "इथे वाघ आहे" हा कॉल जातो आणि दहा गाड्या धावत येतात. दोन, फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात वाघ मुंगीएवढा दिसतो, म्हणून प्रत्येक जण चालकाला म्हणतो, "भाऊ, थोडी पुढे घे ना." पहिला प्रश्न नेटवर्कचा, दुसरा झूमचा. कॅमकॉर्डरमध्ये नेटवर्क नाही आणि झूम भरपूर आहे. म्हणून या बातमीनंतर कॅमकॉर्डरचा विषय पुन्हा निघाला तर नवल नाही.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. हा निर्देश मोबाइलबद्दल आहे. कॅमेऱ्याचे नियम आणि शुल्क वेगळे असतात. व्हिडिओ कॅमेरा न्यायचा असेल तर बुकिंग करतानाच त्या गेटचा नियम विचारून घ्या. आणि आपलं पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर हे व्याघ्र प्रकल्प नाही, अभयारण्य आहे. वाघ तिथेही आहेत (२०१९ मध्ये टिपेश्वरातूनच निघालेला रेडिओ-कॉलरवाला वाघ चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता), पण तिथला नियम तिथल्याच गेटवर विचारायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा नियम चालत नाही.

झूमचं गणित: वाघ ४० मीटरवर आहे

झूमच्या बाबतीत जाहिरातीतला "एक्स" सोडून द्या. "२० एक्स" म्हणजे फक्त कमाल भागिले किमान. खरा आकडा असतो फोकल लेंथ, आणि तो ३५ मिमी फिल्मच्या तुलनेत दिला जातो. त्यावरून समोरची किती रुंदीची जागा फ्रेममध्ये बसेल हे काढता येतं. सूत्र सोपं आहे: अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंथ.

वाघ ४० मीटरवर उभा आहे असं धरा.

- फोनचा मुख्य कॅमेरा, साधारण २४ मिमी: फ्रेममध्ये ६० मीटर रुंदीचं जंगल. वाघ म्हणजे एक ठिपका.
- चांगल्या महागड्या फोनचा ५ एक्स टेलिफोटो, साधारण १२० मिमी: १२ मीटर. वाघ ओळखू येतो.
- सोनीचा एफडीआर-एएक्स४३, २६.८ मिमीपासून २० पट म्हणजे ५३६ मिमी: सुमारे २.७ मीटर. वाघाने फ्रेम भरली.
- सोनीचाच साधा एचडीआर-सीएक्स४०५, ३० पट म्हणजे ८०४ मिमी: सुमारे १.८ मीटर. वाघाचं तोंड आणि छाती.

बघितलं? सफारीत गाडी पुढे घेण्याची गरजच संपते. मला वाटतं, कॅमकॉर्डर घेण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण हेच: लांब राहूनही नीट दिसतं. आता कॅमकॉर्डर हातात घेऊनही कोणी चालकाच्या मागे "पुढे घे" लावत असेल, तर दोष यंत्राचा नाही.

डिजिटल झूमला मात्र भुलू नका. डिजिटल झूम म्हणजे आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ४के व्हिडिओची रुंदी ३८४० पिक्सेल. चार पट डिजिटल झूम केला की हातात उरतात ९६० पिक्सेल. ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये दोन पटीपर्यंत हे खपून जातं, कारण सेन्सरकडे जास्तीचे पिक्सेल असतात. त्यापुढे सॉफ्टवेअर अंदाजाने रंग भरतं. वाघाचे पट्टे मेणाचे दिसू लागतात ते यामुळेच.

एक तोटाही सांगतो. ५३६ मिमीला हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. एएक्स४३ मध्ये आतली अख्खी लेन्सची जुळणी तरंगती ठेवलेली असते, त्यामुळे धक्के बरेच शोषले जातात. तरी जिप्सीत इंजिन बंद करायला सांगा आणि कॅमेरा गाडीच्या दांडीवर टेकवा, खाली एखादी कापडी पिशवी, अर्धी तांदळाने भरलेली. शंभर रुपयांत झालेला हा ट्रायपॉड महागड्या ट्रायपॉडपेक्षा जिप्सीत जास्त कामाचा.

अंधारात मात्र फोनच राजा

आता दुसरी बाजू. एवढा झूम एवढ्या लहान डब्यात कसा बसतो? सेन्सर लहान ठेवून. सीएक्स४०५ चा सेन्सर १/५.८ इंच वर्गातला आहे. आजच्या मध्यम किमतीच्या फोनचा मुख्य सेन्सर बऱ्याचदा १/१.५ ते १/२ इंच वर्गात असतो. १/१.५ शी तुलना केली तर क्षेत्रफळात साधारण १५ पटींचा फरक पडतो. पावसाचं पाणी साठवायला एकाकडे परात आणि दुसऱ्याकडे वाटी, असं समजा. प्रकाश हाच पाऊस.

त्यात फोन एकाच क्षणाच्या अनेक फ्रेम एकत्र करून चित्र साफ करतो. स्वस्त कॅमकॉर्डर हे करत नाही. म्हणून संध्याकाळनंतर, हळदीच्या मंडपात किंवा घरातल्या एका ट्यूबलाइटखाली, स्वस्त कॅमकॉर्डरचं चित्र दाणेदार येतं. त्याच जागी तुमचा फोन छान दिसतो.

आपल्याकडून पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाच्या गोंड बांधवांची महापूजा पुष्य अमावास्येच्या रात्री असते. तिथे ३० पट झूमवाला स्वस्त कॅमेरा नेला तर हाती काळोखच येईल. (आणि पूजेचं चित्रण करण्याआधी तिथल्या मंडळींना विचारायचं. कॅमेरा लहान आहे म्हणून परवानगी लागत नाही असं नसतं.)

एएक्स४३ चा सेन्सर १/२.५ इंच वर्गातला, म्हणजे सीएक्स४०५ पेक्षा बराच मोठा, पण तोही चांगल्या फोनच्या खालीच. म्हणजे नियम सोपा: दिवसा आणि लांबून कॅमकॉर्डर, रात्री आणि जवळून फोन.

लग्नघरातले पाच प्रश्न

आता ताईच्या लग्नाकडे येऊ. इथे माझा जुना हिशेब आहे. चार वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात, हळदीच्या आदल्या रात्री, आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली. ती कधी कॅमेऱ्यासमोर म्हणायची नाही, त्या दिवशी म्हणाली. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. दोन मिनिटं झाली नाहीत तोच मंडपवाल्याचा कॉल आला, मी घाईत उचलला आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं. परत लावलं तर स्टोरेज फुल. मी जुने स्क्रीनशॉट उडवत बसलो आणि आजीच्या ओव्या संपल्या. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती. आज आमच्याकडे तिचा आवाज आहे तो एक मिनिट पन्नास सेकंदांचा, आणि त्याच्या शेवटी माझी रिंगटोन.

चूक फोनची नव्हती, माझी होती. पण त्यातून जो धडा शिकलो तो पाच प्रश्नांत मांडतो.

१. किती वेळ सलग चालतं? फोन एकाच वेळी फोन, तिकीट, यूपीआय आणि टॉर्च असतो. कॅमकॉर्डर फक्त कॅमकॉर्डर असतो. त्याला कोणाचा कॉल येत नाही. अनेक फोटो कॅमेरे बरीच वर्षं २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबायचे. कारण तांत्रिक नव्हतं. ३० मिनिटं चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचं जास्तीचं सीमाशुल्क लागायचं. कॅमकॉर्डरला ही अडचण नाही. कार्ड आणि बॅटरी संपेपर्यंत तो चालतो. जुना फोटो कॅमेरा लग्नासाठी घेत असाल तर ही मर्यादा आधी तपासा.

२. उन्हात टिकतं का? वणी-चंद्रपूरकडचा मे महिना सांगायला नको. ॲपल आयफोनच्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. कॅमकॉर्डरच्या कागदावर सहसा ४० असतं. म्हणजे आपल्या दुपारपुढे दोघेही नापास. फरक एवढाच की फोन प्रोसेसर, नेटवर्क आणि स्क्रीनमुळे स्वतःच जास्त तापतो, मग स्क्रीन अंधूक करतो आणि कॅमेरा बंद पाडतो. कॅमकॉर्डरलाही सावली द्या, पण तो तुलनेने उशिरा दमतो. बॅटरी काढून बदलता येते हा त्याचा मोठा फायदा. लग्नाला किमान दोन बॅटऱ्या.

३. आवाज कुठून येतो? झूमने चित्र जवळ येतं, आवाज नाही. मंडपाच्या मागून मंगलाष्टकं घेतली तर चित्रात भटजी आणि आवाजात शेजारच्या मावशींच्या गप्पा. म्हणून बाहेरचा माइक लावायची जागा आहे का ते बघा. एएक्स४३ ला माइक आणि हेडफोन दोन्हीची जागा आहे. सीएक्स४०५ ला माइकची नाही. नसेल तर जुगाड असा: फोन विमान मोडवर टाका, व्हॉइस रेकॉर्डर लावा आणि गाणाऱ्याजवळ ठेवा. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर एडिटिंग ॲपमध्ये टाळीचा आवाज आणि टाळीचं चित्र जुळवलं की दोन्ही एकत्र बसतात. आजीच्या वेळी मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

४. दिवे लुकलुकतात का? हा मुद्दा दुकानदार सांगत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण ६० फ्रेमला आणि १/६० शटरला लावलेल्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. उपाय: २५ किंवा ५० फ्रेम निवडा, नाहीतर शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून ठेवा. अमेरिकेतल्या काकांनी आणलेला कॅमकॉर्डर बहुधा तिथल्या एनटीएससी पद्धतीचा, म्हणजे ६० वाला असतो, आणि त्यात ५० चा पर्याय बऱ्याचदा नसतोच. भेट म्हणून घ्या, पण त्याच्या भरवशावर मंडपाचे दिवे ठरवू नका.

५. धूळ जाते का? आमच्या रस्त्याने कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाड्या दिवसरात्र चालतात. लेन्स बदलायच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. कॅमकॉर्डरची लेन्स पक्की असते, म्हणून घरच्या वापराला तो सोपा. तरी कार्ड बदलायचं तर घरात बदला, वरातीच्या धुळीत नको.

बाजारात काय उरलंय?

सोनीने १९८५ मध्ये पहिला हँडीकॅम आणला, तेव्हा तो ८ मिमी कॅसेटवर चालायचा. आपल्या आई-बाबांच्या पिढीत "हँडीकॅम" हे कंपनीचं नाव न राहता वस्तूचंच नाव झालं, जसं "झेरॉक्स". आज तो बाजार अगदी आक्रसला आहे. जेव्हीसीने २०२१ मध्ये घरगुती कॅमकॉर्डर बनवणं थांबवलं. सीएक्स४०५ हे मॉडेल २०१५ चं आहे, एएक्स४३ २०२० चं. पॅनासॉनिकचे एचसी-व्ही७८५ (फुल एचडी, २० पट) आणि एचसी-व्हीएक्स१ (४के, २४ पट) हेही काही वर्षांपूर्वीचेच. फोनसारखं दरवर्षी नवीन मॉडेल इथे येत नाही.

याचे दोन अर्थ निघतात. चांगला अर्थ: "नवीन येईल मग घेऊ" म्हणून थांबण्यात फायदा नाही. वाईट अर्थ: पाच-दहा वर्षांपूर्वीच्या यंत्राला आजची किंमत मोजावी लागते, आणि बॅटरी-सुटे भाग किती दिवस मिळतील हे विचारूनच घ्यावं लागतं.

जीएसटीचा गोंधळही मिटवू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच लाटेत "कॅमेऱ्यांवर जीएसटी कपात" असं सांगणारे दुकानदारही भेटतात. प्रत्यक्षात डिजिटल कॅमेरे आणि व्हिडिओ कॅमेरे १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. म्हणजे २९,५०० च्या बिलात २५,००० वस्तूचे आणि ४,५०० कराचे. कोणी "बिलाशिवाय ४,५०० कमी" म्हणालं तर तो माणूस तुमची वॉरंटी तुम्हालाच विकत आहे.

सगळ्यात मोठा सापळा ऑनलाइन आहे. "४के कॅमकॉर्डर, ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स डिजिटल झूम, फिरता स्क्रीन, सोबत माइक आणि रिमोट," आणि किंमत पाच-सात हजार. ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही. यातल्या बऱ्याच डब्यांत पक्क्या फोकसची साधी लेन्स असते, ऑप्टिकल झूम शून्य, आणि ४के म्हणजे लहान चित्र ताणून मोठं केलेलं. ओळखायची खूण एकच: वर्णनात "ऑप्टिकल झूम" हे शब्द आणि फोकल लेंथचा आकडा शोधा. नसतील तर तो कॅमेरा तुमच्या फोनपेक्षा वाईट आहे, त्यासाठी रिव्ह्यू बघायचीही गरज नाही.

आणि एक तिसरा पर्याय, डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला, १७९ ग्रॅमचा, एक इंच वर्गाचा मोठा सेन्सर आणि तीन अक्षांवर फिरणारा गिंबल. प्रवासात चालता-चालता व्हिडिओ, रात्रीची वरात, अंगणातला नाच यासाठी अप्रतिम. पण ऑप्टिकल झूम नाही. वाघासाठी तो निरुपयोगी. शिवाय पहिल्यांदा तो फोनच्या ॲपने सुरू करावा लागतो, ते काम घरीच उरका.

कार्ड आणि साठवण: खरा खर्च इथे

व्हिडिओची जागा मोजायला मेगाबिट भागिले ८ केलं की मेगाबाइट येतात. ४के १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी. ६० मेगाबिटला २७ जीबी. फुल एचडी २८ मेगाबिटला साडेबारा जीबीच्या आसपास. चार तासांचं लग्न ६० मेगाबिटने घेतलं तर १०८ जीबी, म्हणजे १२८ जीबीचं एक कार्ड आणि वर एक राखीव. कार्डावर यू३ किंवा व्ही३० ही खूण हवी. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी, आपल्याला १२.५ लागतात, म्हणजे भरपूर.

३२ जीबी किंवा लहान कार्डात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून कॅमकॉर्डर लांब व्हिडिओचे तुकडे करतो. घाबरू नका, व्हिडिओ तुटलेला नसतो. फक्त कॉपी करताना एकेक फाइल न उचलता कार्डातलं अख्खं फोल्डर उचला, मग जोडणी नीट होते.

"क्लाउडवर टाकू" म्हणाल तर हिशेब करा. १०० जीबी, अपलोडचा वेग १० मेगाबिट, म्हणजे न थांबता सुमारे २२ तास. गावात एवढा वेळ लाइट आणि नेट दोन्ही सोबत राहिले तर देव पावला. त्यापेक्षा दोन हार्ड डिस्क घ्या, एक गावी आणि एक पुण्यात. लग्नानंतर आठ दिवसांत दोन्ही प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. कार्ड रिकामं करण्याची घाई हीच आपल्या घरातल्या आठवणींची सगळ्यात मोठी शत्रू.

मग कोणी काय करावं?

- वाढदिवस, बारसं, घरातले कार्यक्रम: काही घेऊ नका. फोनला लहान ट्रायपॉड, साधा कॉलर माइक आणि चित्रणापूर्वी विमान मोड. ३० जीबी मोकळी जागा आधीच करून ठेवा.
- फिरणं आणि रात्रीचे कार्यक्रम जास्त: गिंबलवाला लहान कॅमेरा.
- वर्षातून दोन-तीन सफारी, शाळेतले-मैदानातले कार्यक्रम, पक्षी बघण्याची आवड: ऑप्टिकल झूमवाला कॅमकॉर्डर. बजेट कमी असेल तर सीएक्स४०५ सारखा, पण तो फक्त दिवसाचा गडी हे समजून. जमलं तर एएक्स४३ सारखा ४के, माइकच्या जागेसकट. बॅटरीसकट तो अर्धा किलोहून जास्त भरतो, हेही हातात धरून बघा.
- फक्त एकच लग्न: विकत घेऊ नका, भाड्याने आणा. वणी, पांढरकवड्याच्या फोटो स्टुडिओत विचारा. एक दिवस वापरला की कळतं, आपण खरंच वापरणार की तो कपाटात जाणार.
- जुना हँडीकॅम "रेट्रो लूक" म्हणून घ्यायचा असेल तर रील्ससाठी मजा म्हणून घ्या. त्याची कॅसेट आणि बॅटरी मिळते का ते आधी बघा. आणि त्याआधी घरातल्या कपाटातल्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेट कॉपी करून घ्या. तासाभराची एक कॅसेट साधारण १३ जीबी होते. त्या टेप दरवर्षी थोड्या-थोड्या खराब होत आहेत.

भावाला मी शेवटी हेच कळवलं: सफारीला भाड्याचा कॅमकॉर्डर घेऊन जा, आवडला तर लग्नाआधी घेऊ, अर्धे पैसे माझे. पण एक अट घातली. हळदीच्या आदल्या रात्री मोठी आई ओव्या म्हणायला बसेल, तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर लागलेला पाहिजे, फोन विमान मोडवर तिच्या पायाशी पाहिजे, आणि मंडपवाल्याचा कॉल घ्यायला दुसरा माणूस पाहिजे.

त्याचं उत्तर लगेच आलं: "दादा, मंडपवाल्याचा कॉल घ्यायले बाबाले बसवतो. ते तसेही म्हणतात, कॅमेरा काऊन पाहिजे."